क्लाउड-स्थलांतर (व्यावसायिक फायलींचे)

व्यवसायाच्या फायली कचेरीतल्या सर्व्हरवरून उचलून इंटरनेटवरच्या भाड्याच्या साठ्यात नेणे, आणि त्यांच्या आवृत्त्या, हक्क, वर्गवारी व मुदत तिथूनच सांभाळणे, म्हणजे क्लाउड-स्थलांतर. ‘मेघसंगणन’ अशी मराठी संज्ञा आहे, पण ती परिभाषाकोशातच राहिली. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे ‘क्लाउडवर टाकणे’ असेच म्हणतात. यात दोन वेगळी कामे आहेत. साठवण म्हणजे फाइल ठेवायची जागा. आशय-व्यवस्थापन म्हणजे ती फाइल कोणाची, कितवी आवृत्ती, कोणी बदलली, कधी मोडीत काढायची याची नोंद. पहिले महिन्याच्या बिलावर मिळते. दुसरे कचेरीतल्या माणसांनी बसून करायचे असते, आणि बहुतेक स्थलांतरे तिथेच अडकतात.

ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली. ऑफिस ३६५ २०११ मध्ये आले, गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये. भारतातली विदाकेंद्रे (डेटा सेंटर) त्यानंतरची: मायक्रोसॉफ्टची २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनचे २०१६ मध्ये मुंबईत. पणजीच्या कचेरीत उघडलेली फाइल प्रत्यक्षात घाटापलीकडे पुण्यात असू शकते, हे अजून अनेकांना पचत नाही.

कागद एका जागी राखण्याची गोव्याची परंपरा तशी जुनी आहे. इतिहासकार दियोगु दो कौतु यांच्याकडे १५९५ मध्ये इथल्या पोर्तुगीज सरकारी दप्तरखान्याची जबाबदारी आली. आजच्या पुराभिलेखागाराचे मूळ तेच. तेव्हापासून शत्रूही तेच आहेत: ओलावा, बुरशी, वाळवी. कचेरीतल्या सर्व्हरला वाळवी लागत नाही, पण जून-जुलैत लाइट दिवसातून चारदा ये-जा करू लागली की यूपीएसची बॅटरी दम टाकते आणि हार्ड डिस्क आचके देऊ लागते. लेखापाल, वकील, हॉटेले आणि वेर्णा-कुंडईच्या वसाहतींतले लहान कारखाने क्लाउडकडे वळतात, त्यामागे हे साधे कारण मोठे आहे.

गोव्याची खरी अडचण मात्र नावांची आहे. १९६१ पूर्वीचे पोर्तुगीज दस्त जमीन आणि वारसाच्या व्यवहारांत आजही लागतात. पोर्तुगीज लेखनात के हे अक्षर जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे नाईक हे आडनाव जुन्या दस्तात क्यू-ने लिहिलेले, आजच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात के-ने. बांदोडकरांचा शेवट तिथे सी-ने, इथे के-ने. शेट तर एक्स-पासून सुरू होतात. एकाच घराण्याचे कागद स्कॅन करून चढवले आणि शोधपेटीत आजचे आडनाव टाकले, तर आजोबा सापडतच नाहीत. यंत्राचा इथे दोष नाही. प्रत्येक फाइलला पक्षकाराचे आजचे नाव, गाव, सर्व्हे नंबर आणि दस्ताचे वर्ष अशी वर्णने आधी जोडावी लागतात. फोल्डरात फोल्डर घालत बसण्यापेक्षा ही चार वर्णने अधिक कामाची.

मराठी फायलींचे दुखणे याहून वेगळे. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच संकेतप्रणाली) रुळण्यापूर्वी टंकलेली पत्रे, निविदा, इतिवृत्ते श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत आहेत. छापली की अक्षर देखणे. पण आत रोमन चिन्हांची खिचडी, म्हणून ‘ठराव’ शोधला की निकाल शून्य. अशा फायली युनिकोडमध्ये उलटवून मगच न्याव्यात. फाइलचे नाव मराठीत असेल तर आणखी एक खाच आहे: देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मात्राही वेगळी धरून, तीन बाइट खाते, आणि लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. विषय, दिनांक आणि सहीकर्त्याचे नाव सगळे फाइलच्या नावात कोंबायची सवय इथे मोडते, ते बरेच.

प्रत्यक्ष हलवण्याला चवथीची सुट्टी सोयीची, कारण कचेरीत कोणी नसते. पण आधी हिशेब करावा. एक टेराबाइट माल २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला अखंड साडेचार दिवसांहून अधिक लागतात, आणि जोडणी अखंड राहील असे भाद्रपदात कोणी लिहून देत नाही. दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आलेल्या माणसाला पडद्यावर एक-तृतीयांशच काम दिसते. म्हणून चालू वर्षाच्या फायली आधी न्याव्यात, बाकीचे रात्री-रात्री. जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नये. काही महिने तो फक्त वाचण्यापुरता चालू ठेवावा.

‘सिंक’ (संगणकावरची आणि क्लाउडवरची प्रत आपोआप सारखी ठेवणे) म्हणजे ‘बॅकअप’ हा समज सर्वांत महागात पडतो. खंडणी मागणाऱ्या विषाणूने संगणकावरची फाइल कुलूपबंद केली की सिंक तीच कुलूपबंद प्रत इमानेइतबारे वर पोचवते. जुन्या आवृत्त्या शाबूत असतील तर सुटका होते, पण मुदत असते: गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये ९३. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचे एक विदाकेंद्र आगीत जळाले आणि स्वतंत्र प्रत न ठेवणाऱ्या ग्राहकांचा माल कायमचा गेला. क्लाउड हीही शेवटी कुठलीतरी इमारतच.

कायद्याच्या मुदती याहून बऱ्याच लांब आहेत. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने आणि कंपन्यांची हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. शिवाय इलेक्ट्रॉनिक हिशेबांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर असावी, असा नियम २०२२ पासून आहे. उलट गोष्ट हॉटेलांची. परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला २४ तासांत कळवायची असते, आणि त्या निमित्ताने काढलेल्या पासपोर्टच्या प्रती स्वागतकक्षाच्या फोल्डरात वर्षानुवर्षे साचतात. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अशा साठ्याकडे बोट दाखवतो. अशा प्रती क्लाउडवर नेण्याआधी कोणत्या मोडीत काढता येतील ते पाहावे.

सगळेच कागद मात्र क्लाउडवर संपत नाहीत. मृत्युपत्र आणि न्यासपत्र यांना इलेक्ट्रॉनिक दस्तांना मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० लागू होत नाही. त्यांची स्कॅन प्रत शोधण्यापुरती, सहीचा मूळ कागद जपायलाच हवा. तो लोखंडी कपाटात राहतो, आणि त्यातल्या डांबरगोळ्या दर पावसाळ्याआधी बदलाव्या लागतात.