टॉमस जेंट, यॉर्कचा मुद्रक : गावाचा इतिहास छापून घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी

गावाचा, देवस्थानाचा किंवा शाळेचा इतिहास छापून घेण्यासाठी आमच्या छापखान्यात येणाऱ्या ग्राहकांना आम्ही हे पत्रक देतो. असे पुस्तक कसे सिद्ध करावे, हे सांगताना आम्हांला इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या टॉमस जेंट या मुद्रकाचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते, कारण इतिहास लिहिणे, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) जुळवणे आणि तयार पुस्तक विकणे ही तिन्ही कामे त्याने स्वतः केली.

जेंटचा जन्म १६९३ साली आयर्लंडमध्ये झाला. डब्लिनच्या एका मुद्रकाकडे उमेदवारी करीत असताना जाच असह्य होऊन तो १७१० साली पळाला आणि लंडनला येऊन जुळारी (खिळे जुळवणारा कारागीर) झाला. १७१४ साली त्याला यॉर्कच्या जॉन व्हाइट यांच्याकडे वर्षाला १८ पौंड आणि राहणे-जेवण अशी नोकरी मिळाली. त्या काळी लंडनबाहेर छापखाने विरळाच होते. १६८८ साली, पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या ऑरेंजच्या विल्यमचा जाहीरनामा छापण्यास इतर मुद्रक धजत नव्हते, तेव्हा व्हाइट यांनी तो छापला होता. त्यांच्या घरी कामाला असलेल्या ॲलिस गाय हिच्यावर जेंटचे मन जडले. पण तो लंडनला परतल्यावर तिचे लग्न व्हाइट यांच्या नातवाशी झाले. तो नातू वारल्यावर १७२४ साली ॲलिस आणि जेंट विवाहबद्ध झाले आणि छापखाना जेंटच्या हाती आला. त्यावर घरातलेच नातलग रुष्ट झाले आणि व्हाइट यांच्या मुलाने यॉर्कमध्येच प्रतिस्पर्धी छापखाना काढला.

या ओढाताणीतच जेंटने यॉर्क (१७३०), रिपन (१७३३) आणि हल (१७३५) या तीन शहरांचे इतिहास लिहून छापले. त्याची भाषा फुगलेली आहे, पद्ये सामान्य आहेत आणि चित्रांचे लाकडी ठसेही ओबडधोबड आहेत, हे मान्य करूनही आम्ही या पुस्तकांना फार मोठे मानतो. कारण चर्चमध्ये जाऊन, फरशीत बसवलेल्या थडग्यांवरील लेख वाचून, ते त्याने उतरवून घेतले. पायांखाली झिजणारी, दुरुस्तीच्या वेळी उखडली जाणारी फरशी कोणाची वाट पाहत नाही. १७३६ साली फ्रान्सिस ड्रेक या शल्यवैद्याने यॉर्कचा भव्य सचित्र इतिहास वर्गणीदार मिळवून प्रसिद्ध केला आणि विद्वानांत मान त्यालाच मिळाला. जेंटचे पुस्तक मात्र लहान आकाराचे, सामान्य गावकऱ्यालाही परवडेल असे होते.

आज संगणकावर मजकूर केव्हाही दुरुस्त करता येतो. जेंटच्या लाकडी हातयंत्रावर तसे नव्हते. खिळे मोजकेच असत, म्हणून काही पाने जुळवायची, कातडी गोळ्यांनी शाई लावून ओलसर कागदावर छापायची आणि खिळे सोडवून पुन्हा केसमध्ये (खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीत) टाकायचे, असा क्रम असे. पुढची पाने जुळवताना मागची पाने केव्हाच मोडलेली असत; उशिरा लक्षात आलेली चूक शुद्धिपत्रातच जात असे.

उतारवयात जेंटचा धंदा बसला, खिळे झिजले आणि गरिबी आली. तरीही १७६२ साली त्याने यॉर्कच्या कॅथीड्रलमधील पूर्वेकडील प्रचंड रंगीत काचेच्या खिडकीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. १७७८ साली तो यॉर्कमध्येच वारला. १७४६ साली लिहिलेले त्याचे आत्मचरित्र १८३२ साली छापले गेले, आणि त्या काळच्या प्रांतीय छापखान्यांविषयी आपल्याला जे कळते त्यात या हस्तलिखिताचा वाटा मोठा आहे.

आपल्या पुस्तकासाठी आमची पहिली विनंती हीच आहे की, देवळातील शिलालेख, वीरगळ, घंटेवरील अक्षरे आणि जुन्या वास्तूंवरील कोनशिला यांचा मजकूर जसाच्या तसा, अशुद्ध वाटला तरी न सुधारता, लिहून आणावा आणि सोबत छायाचित्र द्यावे. मोडीतील कागद असल्यास मूळ प्रत आपल्याकडेच ठेवून त्याची छायाप्रत आणि देवनागरी लिप्यंतर द्यावे. ऐकीव माहिती कोणी सांगितली, ते तिथेच नोंदवावे. कुलवृत्तांतांप्रमाणे पूर्वनोंदणी करून घेतल्यास प्रतींची संख्या ठरवणे सोपे जाते. नावे, सनावळी आणि आडनावांची अक्षरे अंतिम मुद्रितावर गावातील दोन जाणत्या माणसांकडून तपासून घ्यावीत; त्यांची सही आल्याशिवाय आम्ही छपाई सुरू करत नाही.