धुराच्या वासानं जाग येत नाही

“पलंगावर सिगारेट ओढताना डोळा लागला तरी धुराच्या वासानं जाग येईलच.” हा जुना समज जीवघेणा आहे. गाढ झोपेत वासाची जाणीव जवळजवळ बंद पडते. आवाज मात्र मेंदूपर्यंत पोहोचतो.

सिगारेटचं टोक ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं, तरी गादीवर पडताच भडका उडेल असं नाही. कापूस किंवा फोम आतल्या आत धुमसत राहतो, कधी काही मिनिटं, कधी तासन्‌तास. या काळात खोलीत कार्बन मोनॉक्साइड भरत जातो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागा होण्याऐवजी बेशुद्धीत जातो आणि ज्वाळा दिसण्याआधीच जीव जाऊ शकतो. दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल तर धोका आणखी मोठा.

म्हणून झोपण्याच्या खोलीत कर्कश स्मोक अलार्म हवाच, चालू बॅटरीसह. ओढायचीच असेल तर घराबाहेर, आणि थोटूक पाण्यात बुडवूनच टाका. कुंडीत खुपसू नका. कोकोपीटसारखं (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडं मिश्रणही धुमसतं.

व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, ज्योत नसते हे खरं, पण तिची लिथियम-आयन बॅटरी बिघडली तर काही क्षणांत पेटते. अंथरुणावर ती कधीही चार्ज करू नका.

घरात कुणी ऑक्सिजनवर असेल तर यंत्र बंद केल्यावरही कपड्यांत, पांघरुणात ऑक्सिजन काही वेळ साचून राहतो. तिथे सिगारेट नको आणि व्हेपही नको.