खरेदीखत

किंमत घेऊन स्थावर मिळकतीची मालकी दुसऱ्यास देणाऱ्या नोंदणीकृत दस्तास महाराष्ट्रात खरेदीखत म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार 100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा केवळ करार असल्याने त्याने मालकी जात नाही. निव्वळ मुखत्यारपत्रावर केलेल्या व्यवहारानेही ती जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, हक्काची नव्हे, ही गोष्ट खरेदीदाराने आधी ध्यानात घ्यावी. दुय्यम निबंधक, म्हणजे नोंदणी कार्यालयातील अधिकारी, पक्षकारांची ओळख आणि भरलेले शुल्क पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे काय, याचा निवाडा तो करीत नाही. म्हणून मसुद्यापूर्वी सातबारा, जुने फेरफार (हक्कबदलाच्या महसुली नोंदी), शहरात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्तांची सूची) यांवरून मागील साधारण 30 वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे. शेतजमीन असल्यास कुळकायद्याच्या कलम 63 मुळे घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली, जमीन असल्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी पाहावी लागते.

खतात ‘लिहून घेणार’ (खरेदीदार) आणि ‘लिहून देणार’ (विकणारा) यांची नावे, मिळकत विकणाऱ्याकडे कशी आली याचा इतिहास, किमतीच्या भरण्याचा तपशील, ताबा आणि मिळकत निर्वेध (बोजारहित) असल्याची हमी येते. सर्वांत जास्त काळजी मिळकतीच्या वर्णनाची घ्यावी. गट क्रमांक, हेक्टर-आरमधील क्षेत्र, आकार (जमीन महसुलाची आकारणी) आणि चतुःसीमा तेथे लिहितात. ‘पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट’ ही ओळ जुन्या खतावरून उतरवून घेतली आणि मधल्या काळात वाट सरकली असेल, तर हद्दीचा तंटा त्या ओळीतूनच उभा राहतो. जागेवर जाऊन, शक्य तर सरकारी मोजणी करून, चारही बाजू पडताळणे हाच खरा उपाय होय.

करारातील किंमत व शासनाच्या दर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. सही केल्यापासून 4 महिन्यांत दस्त नोंदणीस सादर करावा लागतो. अपरिहार्य कारणाने उशीर झाल्यास दंड भरून आणखी 4 महिन्यांपर्यंत तो स्वीकारता येतो. कार्यालयात पक्षकारांची छायाचित्रे व अंगठ्याचे ठसे घेतले जातात आणि दस्त आपणच केल्याची ते कबुली देतात. नोंदणी झालेला दस्त, अन्यथा ठरले नसल्यास, नोंदणीच्या नव्हे तर निष्पादनाच्या, म्हणजे सही केल्याच्या, दिवसापासून अंमलात येतो.



नोंदणीनंतर तलाठी फेरफार नोंदवून हितसंबंधितांना नोटीस देतो आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. फेरफार महसुली कामासाठी असतो. त्याने मालकी निर्माण होत नाही. खतातच गट क्रमांक चुकला असेल, तर चूकदुरुस्तीपत्र करून तेही नोंदवावे लागते आणि त्यासाठी पुन्हा विकणाऱ्याची, तो हयात नसल्यास त्याच्या वारसांची, सही मिळवावी लागते.