झोपेतही पोटरी थांबत नाही

डोळा लवला की आपल्याकडे आधी विचारतात, उजवा की डावा? (बहुतेक वेळा कारण जागरण नाहीतर चहा-कॉफी.) पण पोटऱ्या, मांड्या, पाठ असं सगळंच महिनोन्‌महिने लवत राहिलं तर? आयझॅक्स सिंड्रोम या दुर्मीळ आजारात कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसे स्नायू हलतात. पोटरीत गोळे येतात. वळलेली मूठ लवकर सुटत नाही. फार काही न करताही अंग घामानं भिजतं. माणूस गाढ झोपला तरी स्नायू जागेच.

जोहान्सबर्गच्या हायम आयझॅक्स यांनी १९६१ साली असे दोन रुग्ण नोंदवले. गडबड नेमकी कुठं आहे हे त्यांनी ज्या पद्धतीनं शोधलं, ती मला फार आवडते. संपूर्ण भूल देऊन मेंदू झोपवला. स्नायू उडतच राहिले. पाठीतून भूल दिली, नस (म्हणजे मज्जातंतू) मधेच सुन्न केली, तरी तेच. शेवटी क्युरारे दिलं. दक्षिण अमेरिकेत बाणाला लावायचं हे विष नसेचा निरोप स्नायूला पोचू देत नाही. ते देताच सगळं शांत! म्हणजे मेंदूही निर्दोष, स्नायूही निर्दोष. खोड नसेच्या टोकाकडची.

नसेतून विजेचा संदेश गेला की पोटॅशियमची दारं उघडतात आणि नस पुन्हा शांत होते. बऱ्याच रुग्णांत एरवी जंतूंशी लढणारी, शरीरानंच तयार केलेली प्रतिपिंडं या दारांजवळच्या कॅस्पर-२ नावाच्या प्रथिनावर उलटतात. मग नस एका निरोपाऐवजी निरोपांची सरबत्तीच लावते. स्नायूंतली वीज मोजणाऱ्या ईएमजी तपासणीत त्यांचा वेग सेकंदाला १५० ते ३०० इतका भरतो.

उपचार म्हणून फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन देतात. "मला फिट येत नाही, मग फिटची गोळी कशाला?" असं रुग्णाला वाटणं साहजिकच. पण ही औषधं अतिउत्साही नसेलाही आवर घालतात. त्रास फार असेल तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलून प्रतिपिंडं काढून टाकतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत गाठ नाही ना, हेही स्कॅन करून पाहतात.

आपल्याकडच्या काही रुग्णांच्या बाबतीत भस्मांसारखी पारा असलेली औषधं पोटात गेल्याचं आढळलं आहे. त्यामुळे "आणखी कुठलं औषध चालू आहे का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं, तरी भस्मांबद्दल वेगळं विचारावं लागतं. भस्म म्हणजे औषध, असं कित्येकजण धरतच नाहीत.