'ब्लॅक इज ब्यूटिफुल'च्या आधी केसांची गोष्ट

'ब्लॅक इज ब्यूटिफुल' ('काळं ते सुंदर') ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची घोषणा जगभर पोचली. तिला चेहरे देणारा फोटोग्राफर क्वामे ब्रॅथवेट मात्र न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीबाहेर कितीतरी वर्षं फारसा कुणाला माहीत नव्हता. त्याच्या कामावरचं पहिलं मोठं पुस्तक निघालं तेच २०१९ साली. चार वर्षांनी, २०२३ मध्ये तो गेला.

मुळात प्रश्न केसांचा होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत तेव्हा धातूचा कंगवा शेगडीवर तापवून मुलींचे कुरळे केस सरळ करत. कंगवा कानाजवळ आला की चटक्याच्या भीतीने मुलगी अंग चोरायची. सरळ ते 'चांगले' केस! कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मासिकांतही उजळ रंगालाच मान. 'गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे' वाचत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

ब्रॅथवेट १९३८ चा, ब्रुकलिनमध्ये जन्मलेला. घराणं मूळ बार्बाडोसचं. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा मिसिसिपीत निर्घृण खून झाला. त्याच्या आईने अंत्यविधीला शवपेटी उघडी ठेवली आणि 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या मासिकाने त्याच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्याचा फोटो छापला. फोटो काय करू शकतो, हे क्वामेला तेव्हा कळलं. पुढच्याच वर्षी त्याने भाऊ एलोम्बे ब्रॅथ आणि मित्रांसोबत 'एजॅस' (आफ्रिकन जॅझ-आर्ट सोसायटी अँड स्टुडिओज) ही कलावंतांची संस्था काढली. सुरुवात जॅझच्या मैफलींपासून झाली. क्लबच्या अंधुक उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढायची सवय त्याला तिथेच लागली.

विचारांचं भांडवल कृष्णवर्णीय स्वाभिमानाचा पुरस्कर्ता नेता मार्कस गार्वीचं होतं, ते या पोरांपर्यंत पोचलं त्याचे अनुयायी कार्लोस कुक्स यांच्यामार्फत. आफ्रिकेला कुक्स 'ग्रॅंडासालँड' म्हणत. त्यावरून एजॅसच्या मॉडेल मुलींना 'ग्रॅंडासा मॉडेल्स' हे नाव आलं. या कुणी व्यावसायिक मॉडेल नव्हत्या. केस जसे उगवतात तसेच ठेवणाऱ्या, गडद रंगाच्या, ओळखीपाळखीतल्याच मुली.

२८ जानेवारी १९६२ ला हार्लेमच्या पर्पल मॅनर क्लबमध्ये 'नॅचरली ६२' हा फॅशन शो झाला. गायिका अ‍ॅबी लिंकन आणि ड्रमवादक मॅक्स रोच सोबतीला होते. हीच अ‍ॅबी सहाच वर्षांपूर्वी एका हॉलिवूडपटात मर्लिन मन्रोचा ड्रेस घालून पडद्यावर आली होती. आता तिचेही केस नैसर्गिक होते. गर्दी इतकी लोटली की त्याच रात्री दुसरा खेळ करावा लागला. पुढे हे शो शिकागो, डेट्रॉइटपर्यंत गेले. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डच्या कव्हरांवरही या मुली झळकल्या. १९६३ मध्ये एजॅसच्या मंडळींनी हार्लेममधल्या एका विगच्या दुकानासमोर निदर्शनंही केली.

लोक या फोटोंच्या आशयाबद्दल भरभरून बोलतात. मला त्यामागचं तंत्रही तितकंच महत्त्वाचं वाटतं. त्या काळी रंगीत फिल्म आणि लॅबमधली प्रिंटिंग गोऱ्या कातडीच्या हिशेबाने बेतलेली असे. गडद चेहरा एकतर काळा गोळा होई, नाहीतर राखाडी पडे. ब्रॅथवेटने डार्करूममध्ये खपून काळ्या त्वचेच्या छटा उठून दिसतील अशी पद्धत बसवली.

त्याचा सगळ्यांत गाजलेला फोटो १९६८ च्या सुमाराचा. कॅरोली प्रिन्सने घडवलेला शिरपेच ल्यालेली सिकोलो. रस्त्यात दिसली तेव्हा 'तुझा फोटो काढू का?' म्हणून त्याने तिला विचारलं होतं. हा फोटो काढला तोवर ती त्याची बायको झाली होती.