आभारवाचक इंग्रजी शब्द

'थँकफुल', 'ग्रेटफुल', 'ऑब्लाइज्ड', 'इन्डेटेड' आणि 'अप्रीशिएट' हे कृतज्ञता व्यक्त करणारे इंग्रजी शब्द. मराठीत बहुतेक ठिकाणी 'आभारी आहे' म्हटले की भागते. बडोद्याच्या, म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या, मराठी माणसाला तर घरात 'आभार' आणि दाराबाहेर गुजरातीतही 'आभार'च. त्यामुळे इंग्रजी लिहिताना यांतला कोणताही शब्द कुठेही चालेल असे वाटते. तसे नाही.

खरी गल्लत पहिल्या दोघांत होते. उत्तरायणाच्या दिवशी दांडिया बाजारातल्या एखाद्या गच्चीवर पतंगाच्या नादात पोरगा कठड्यावरून पडता पडता वाचतो. आजी छातीवर हात ठेवून म्हणते, ''नशीब बाई, थोडक्यात निभावलं!'' आजी इथे कोणाचे आभार मानत नाही, तिचा जीव भांड्यात पडला आहे. ही भावना 'थँकफुल'ची. पण शेजारच्या काकांनी ऐन वेळी त्याचा दंड धरून मागे ओढले असेल, तर त्या काकांविषयी घरातले सगळे 'ग्रेटफुल'. एकात सुटका, दुसऱ्यात कोणी केलेल्या उपकाराची जाण. म्हणून 'थँकफुल'ला 'आभारी'पेक्षा 'बरं झालं', 'देवाची कृपा' हेच अधिक जवळचे. ही सीमा काटेकोर नाही, माणसाविषयीही 'थँकफुल' म्हणतात. मात्र औपचारिक पत्रात विनंती करताना 'आय वुड बी ग्रेटफुल इफ' असेच लिहावे.

'थँक' आणि 'थिंक' मुळात एकाच कुळातले. मनात आठवण ठेवणे हा त्यांतला जुना धागा. 'ग्रेटफुल' लॅटिन 'ग्रातुस'वरून आला. त्याचा 'ग्रेट'शी, म्हणजे मोठेपणाशी, काही संबंध नाही. म्हणून स्पेलिंगची सुरुवात जी-आर-ए-टी-ई अशी होते. 'ग्रॅटिफाइड' त्याच घराण्यातला, पण अर्थ 'समाधान पावलेला'.

'ऑब्लाइज्ड'च्या मुळाशी लॅटिनमधले 'बांधणे' आहे, आणि ती गाठ अजून सुटलेली नाही. 'मच ऑब्लाइज्ड' म्हणजे उपकृत. पण 'आय फेल्ट ऑब्लाइज्ड टू गो' म्हणजे भिडेखातर जावे लागले. मराठीतली 'भीड' इथे जितकी चपखल बसते, तितका दुसरा शब्द बसत नाही. 'इन्डेटेड'मध्ये कर्ज आहे. सभेत 'आभार न मानता आपल्या ऋणातच राहू इच्छितो' म्हणणारा वक्ता नेमके हेच सांगत असतो. 'अप्रीशिएट'मध्ये मोल जाणणे आहे. त्याला कर्म लागते: 'आय वुड अप्रीशिएट इट इफ'. यातला 'इट' आपल्याकडे सर्रास गळतो.

इंग्रजीला देशी प्रतिशब्द ठरवून देण्याची बडोद्याची परंपरा जुनी आहे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. कचेरीच्या शब्दाला असा एक प्रतिशब्द नेमता येतो. आभाराच्या शब्दाला येत नाही. कोण कोणाला आणि कशाबद्दल म्हणतो आहे, त्यावर तो ठरतो.

'थँक्स टू' हा प्रयोग आणखी वेगळा. त्यात आभार असतीलच असे नाही, नुसते कारणही असते. पावसामुळे सामना बुडाला तरी इंग्रजीत 'थँक्स टू द रेन' म्हणतात, आणि मराठीत 'पावसाच्या कृपेने'.