जुनी राजदूत, येझदी, बुलेट किंवा आरएक्स १०० घेताय? गाडी नावावर करण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

तरुणपणी खिशात पैसे नव्हते म्हणून राहून गेलेली गाडी आता घ्यायची, असं ठरवलेले बरेच जण खान्देशात भेटतात. मुलं मार्गी लागली, हातात थोडा पैसा आला आणि कुठल्या तरी खळ्यात ताडपत्रीखाली गाडी सापडली. विकणारा म्हणतो, "गाडी झकास शे भाऊ, कागदस्नं मंग देखू." इथेच थांबा. जुन्या गाडीचं इंजिन बांधून मिळतं, टाकी रंगवून मिळते, सुटे भागही शोधले तर सापडतात. कागदांची तुटलेली साखळी मात्र कुठलाच मिस्त्री जोडून देत नाही. म्हणून किक मारण्याआधी आरसी बुक हातात घ्या.

गाडी व्हिंटेज आहे की नुसती जुनी?

हे आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हींची वाट वेगळी आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम घातले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला असेल तर ती यात बसत नाही.

आता आपल्या स्वप्नातल्या गाड्यांचा हिशोब करू. आरएक्स १०० आली १९८५मध्ये आणि बंद झाली १९९६मध्ये. म्हणजे अगदी पहिली आरएक्ससुद्धा २०३५च्या आधी व्हिंटेज होत नाही. राजदूत ३५० आली १९८३मध्ये, तिला २०३३पर्यंत थांबावं लागेल. जुनी जावा, १९७३पासून येझदी नावाने निघालेल्या सुरुवातीच्या गाड्या, साठच्या दशकापासूनची १७३ सीसीची राजदूत आणि मद्रासमध्ये १९५५पासून बनलेली बुलेट, यांतल्या ज्या गाड्यांच्या बुकावर पहिल्या नोंदणीची तारीख ५० वर्षांपलीकडची आहे, तेवढ्याच पात्र ठरतात. तारीख बुकावरची धरतात, विकणाऱ्याच्या आठवणीतली नाही.

आणि पात्र असली तरी व्हिंटेज नोंदणी करायचीच का, याचा नीट विचार करा. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन आणि पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अर्ज केंद्र सरकारच्या परिवहन पोर्टलवर फॉर्म २०मध्ये करायचा. सोबत विमा, फी, जुनी आरसी आणि गाडी बाहेर देशातून आणलेली असेल तर आयातीचा कागद जोडायचा. ज्यांना सारंगखेड्याच्या यात्रेला गाडीवर बसून जायचंय, शेतात चक्कर मारायचीय, त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. पुढची सगळी माहिती त्या साध्या वाटेची.

बुकावर नाव कुणाचं?

विकणारा आणि बुकावरचा मालक एकच असेल तर निम्मं काम झालं. पण जुन्या गाडीत असं क्वचित घडतं. गाडी तीन-चार हातांतून फिरलेली असते आणि प्रत्येकाने सौदापावती किंवा नोटरी करून पुढे दिलेली असते. सौदापावतीने गाडी नावावर होत नाही. परिवहन कार्यालय, म्हणजे आपलं आरटीओ, फक्त नोंदणीकृत मालकाला ओळखतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर सही त्याचीच लागते. म्हणून मधल्या माणसाला पैसे देण्याआधी त्या मूळ मालकापर्यंत पोहोचा. तो जळगावला मुलाकडे असेल, सुरतला गेला असेल, तरी शोधा. बहुतेक जुने मालक भेटल्यावर खुशीने सही देतात. कुरकुर करत असेल तर त्याच्याच फायद्याची गोष्ट सांगा: गाडी त्याच्या नावावर असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नोंदणीकृत मालकालाच मालक धरलं आहे, मग गाडी त्याने कितीही आधी विकलेली असो.

मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर होते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. भावाभावांत शेतीवरून वाद असतील तर त्या घरची गाडी, कितीही देखणी असली तरी, वाद मिटेपर्यंत घेऊ नका. पोलिसांच्या किंवा सरकारी लिलावातली गाडी असेल तर फॉर्म ३२ आणि लिलावाचे मूळ कागद लागतात. आरसी हरवली असेल तर दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म २६ भरायचा. तो नोंदणीकृत मालकानेच भरायचा असतो, सोबत पोलिसांकडची हरवल्याची नोंद.

ज्या गाडीचा मूळ मालकही सापडत नाही आणि बुकही नाही, तिला हात लावू नका. ती सुट्या भागांच्या किमतीला मिळते म्हणून मोह होतो, पण ती कधीच तुमची होणार नाही.

नंबर प्लेट आणि चेसिस

खान्देशात एमएच १८ धुळे, एमएच १९ जळगाव आणि एमएच ३९ नंदुरबार हे जुने परिचयाचे नंबर. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे शहादा-तळोद्याकडच्या त्याआधीच्या गाड्यांवर एमएच १८च असतो आणि त्यांची जुनी नोंद धुळ्याच्या दप्तरी शोधावी लागते. एमएच ही मालिकाच १९८९ची. त्याआधीच्या गाड्यांवर 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे दिसतील. नंबर जुना आहे म्हणून गाडी बाद होत नाही.

खरी ओळख चेसिस नंबरात आहे. आरएक्सला आणि बुलेटला तो हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो. रॉकेलचा बोळा फिरवून वर्षांचं ग्रीस आणि माती काढा. नंबरावर पातळ कागद ताणून धरा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. एकेक आकडा पांढरा उमटतो. हीच 'चेसिस प्रिंट' पुढे फॉर्मवर लागते. उमटलेले आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे आहेत का पाहा. एखादा आकडा तिरका, आजूबाजूचा पत्रा कानस मारल्यासारखा सपाट किंवा तिथेच नवा रंग असेल तर सौदा सोडा. मग इंजिन नंबर बुकाशी ताडून बघा. आरएक्सची इंजिनं सर्रास अदलाबदल झालेली असतात आणि नंबर जुळला नाही तर तपासणीत गाडी अडकते. रंगाचंही तसंच. बुकावर काळा आणि गाडी लाल असेल तर तो बदल आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो.

चोरीची खात्री करायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' पोर्टलवर चेसिस, इंजिन आणि गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. हे घरबसल्या होतं, ते टाळू नका.

गाडी ऑनलाइन आहे का?

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. आरसीची मुदत, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा, काळ्या यादीतली नोंद, सगळं दिसतं. काहीच दिसत नसेल तर गाडी जुन्या वहीतच राहिली आहे, तिची 'बॅकलॉग' नोंद करावी लागते. मूळ बुक घेऊन ज्या कार्यालयात गाडीची नोंद झाली तिथे अर्ज द्यायचा. ते आपल्या रजिस्टरशी ताडून नोंद चढवतात, गाडी दाखवायलाही सांगू शकतात. पुढची सगळी कामं यावर अडून असतात, म्हणून खरेदीआधीच विकणाऱ्याकडून हे करून घ्या. त्याच वेळी मालकाचा चालू मोबाइल नंबर नोंदीला जोडून घ्या, ओटीपी त्यावरच येतो. बँकेचं कर्ज केव्हाच फिटलेलं असतं पण बोजा उतरवलेला नसतो. त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ई-चलान थकलं असेल तर तेही आधी भरा.

मुदत संपलेली असेल तर

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर वेळी पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. त्यासाठी फॉर्म २५, आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते: दिवे, हॉर्न, ब्रेक, आरसा, चेसिस नंबर. एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फी १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकीसाठी ती २,००० रुपये केली. आपल्या विषयातल्या जवळपास सगळ्या गाड्या या दुसऱ्या दरात येतात. शिवाय उशिराबद्दल दरमहा ३०० रुपये. वर्षाचे ३,६०० आणि पाच वर्षांचे १८,००० होतात. त्यात महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा, तो पाच वर्षांचा एकदम भरायचा.

म्हणून भाव ठरवण्याआधी पोर्टलवर अर्ज भरून एकूण आकडा किती दाखवतो ते पाहा आणि तो किमतीतून वजा करा. नूतनीकरण मालकाच्या नावानेच होतं, तेव्हा पैसे कोण देणार हे तोंडी न ठेवता सौदापावतीवर लिहून घ्या. दिल्ली परिसरातली जुन्या गाड्यांची बंदी ऐकून इकडेही काही जण घाबरतात. ती बंदी तिथली आहे. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली की नूतनीकरण होतं.

१ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची आहे. महाराष्ट्रात दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. ती प्लेट नसेल तर हस्तांतरणाचं काम पुढे सरकत नाही. बुकिंग फक्त राज्य परिवहन विभागाच्या अधिकृत दुव्यावरून करा, त्या नावाने फसवणारे बरेच आहेत. जुनी हाताने रंगवलेली प्लेट फेकू नका, घरात भिंतीवर लावा.

हस्तांतरणाचे कागद

इतकं झाल्यावर नावावर करणं सोपं आहे. फॉर्म २९च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, चेसिस प्रिंट, दोघांची ओळखपत्रं, तुमचा पत्त्याचा पुरावा आणि फोटो, पॅन कार्ड आणि ते नसेल तर फॉर्म ६०. अर्ज परिवहन पोर्टलवर. दोघांचे आधार मोबाइलला जोडलेले असतील तर ओटीपीवर बरंचसं काम घरून होतं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण मालक जिवंत आणि जवळ आहे तोवर अर्ज पूर्ण करून टाका.

सीमेपलीकडची गाडी

नवापूरहून गुजरात आणि रावेरहून बऱ्हाणपूर जवळ, म्हणून जीजे आणि एमपीच्या गाड्या आपल्याकडे भरपूर येतात. अशा गाडीसाठी मूळ कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २८वर. ते विकणाऱ्यानेच आणून द्यायचं. 'तुम्ही घ्या, एनओसी नंतर पाठवतो' या शब्दावर पैसे देऊ नका. इथे आल्यावर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहिल्यास नवा नंबर घ्यावा लागतो, फॉर्म २७वर. कर आणि नव्या नंबराचा खर्च धरला तर स्वस्त वाटलेली बऱ्हाणपूरची येझदी बरेचदा धुळ्याच्या येझदीच्या भावातच पडते.

विमा, पीयूसी आणि तुमचं लायसन्स

थर्ड पार्टी विमा सक्तीचाच. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत तो नावावर करायला अर्ज द्या. पीयूसीची भीती टू-स्ट्रोकवाल्यांना जास्त वाटते. मार्च २००० अखेरपर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. ऑइलचं प्रमाण बरोबर, सायलेन्सर आतून साफ आणि कार्बोरेटर जुळवलेला असेल तर चांगली आरएक्स यात बसते. सायलेन्सरची आतली नळी काढून टाकलेली असेल तर परत बसवा.

शेवटचं, आणि पन्नाशीनंतर सगळ्यात जास्त विसरलं जाणारं: स्वतःचं लायसन्स काढून तारीख बघा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीपुढे फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरचा दाखला लागतो. ५० ते ५५ वयात नूतनीकरण केलं तर साठीपर्यंत चालतं, त्यापुढे दर पाच वर्षांनी. गाडीची बॅकलॉग नोंद आणि नूतनीकरण होईपर्यंत वेळ जातोच, तेवढ्यात हेही उरकून घ्या.